नाणं हातात आलं तर आधी काय पाहायचं: जुने शिक्के, एरर आणि त्यांची खरी किंमत

जुनं नाणं हातात आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असते, "याचे किती येतीन?" राजेहो, हा प्रश्न शेवटचा आहे. त्याच्या आधी तीन गोष्टी समजल्या पाह्यजेत: हे नाणं नेमकं कोणतं, ते खरं आहे का, आणि त्याच्यावर जे काही वेगळं दिसून राहिलं ते टाकसाळीत झालं का टाकसाळीच्या बाहेर झालं. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, अर्धं जग तिथंच फसते, म्हणून त्याच्यावर मी जास्त लिहिणार आहे. आपल्या इकडे दारव्हा-दिग्रस पासून तर मोर्शी-वरुड पर्यंत कोणत्याही गावात जा, कोणाच्या ना कोणाच्या घरी टिनाच्या पेटीत, देव्हाऱ्यात, नाहीतर आजीच्या गाठोड्यात कलदार (म्हणजे इंग्रजांच्या काळातले चांदीचे) रुपये, भोकाचे पैसे, चाराणे-आठाणे पडून असतातच, आणि माहिती नसल्यामुळं एकतर ते सोनाराकडे वितळायला जातात नाहीतर मोबाईलवरचा कोणी भामटा लाखाची आशा दाखवून उलटे पैसे काढून घेते. दोन्ही गोष्टी पाहून जीव जळते म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो.

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळवाल्याकडे असते तसं), ०.०१ ग्रॅम पर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, एक साधं चुंबक, आणि जमलं तर नाण्याची रुंदी-जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर. बस. उजेड समोरून नाही तर बाजूनं पडला पाह्यजे, म्हणजे सकाळी खिडकीपाशी बसून नाणं हळूहळू तिरपं फिरवा, जे ओरखडे आणि खाणाखुणा डोक्यावरच्या बल्बखाली दिसत नाहीत ते सगळे उघडे पडतात. नाणं नेहमी किनारीला दोन बोटांत धरायचं, चेहऱ्यावर अंगठा ठेवायचा नाही, घामाचा डाग तांब्यावर कायमचा बसते.

आता ओळख. आपल्या स्वतंत्र भारताच्या नाण्यावर सालाच्या खाली (कधी आजूबाजूला) एक छोटी खूण असते ती टाकसाळीची. खाली चौकट म्हणजे डायमंड असला तर मुंबई, पाच टोकांचा तारा असला तर हैदराबाद, गोल टिंब असलं तर नोएडा (ही टाकसाळ १९८८ पासूनची आहे), आणि काहीच नसलं तर कोलकाता. काही नाणी सरकारनं बाहेरच्या देशातूनही पाडून आणली होती, जसं १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच दिसला तर तो इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा, आणि नव्वदीच्या शेवटी शेवटी मेक्सिको, दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया, स्लोव्हाकिया, मॉस्को इथूनही नाणी आली, त्यांच्यावर त्यांच्या त्यांच्या अक्षरांच्या खुणा आहेत. ह्या "फॉरेन मिंट" वाल्या नाण्यांचा लय बोलबाला होते, पण ती करोडोंनी आली होती हे ध्यानात ठेवा, कोरी करकरीत असली तर थोडी जास्त किंमत, खिशात घासून गुळगुळीत झालेली असली तर विशेष काही नाही.

साल जुनं म्हणजे नाणं दुर्मिळ, हा समज तर पहिला डोक्यातून काढा. राणी छाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया १८६२ चा लोकं लय जपून दाखवतात, पण सरकारनं १८६२ हेच साल ठशावर ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले, फक्त बारीक टिंबं बदलत गेली, म्हणून १८६२ चे रुपये भरपूर आहेत. त्याच्या उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया सालानं केवढा अलीकडचा, पण खरा भेटला तर मोठ्या किमतीचा, आणि म्हणूनच त्याच्या नकला पण तेवढ्याच. मधातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे: १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या वस्त्रात जो हत्ती कोरला होता त्याची सोंड आखूड असल्यामुळं तो लोकांना डुकरासारखा दिसला, मोठी बोंब झाली, आणि पाडलेल्या नाण्यांपैकी बहुतेक परत वितळवले. १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून १९११ चा रुपया वेगळा काढून ठेवायचा, आणि भिंगातून सोंड पाहायची.

कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे आपला जुना एक तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे, १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात फक्त ५० टक्के, बाकी तांबं, निकेल, जस्त. वजन तेच, आकार तोच, म्हणून दोन्ही एका भावानं विकणारे आणि एका भावानं घेणारे दोघंही आहेत, सराफाकडे जायच्या आधी सालाप्रमाणे दोन ढीग करा. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे, चुंबकाला चिकटते, त्यात चांदीचा कणही नाही, पण दिसायला पांढरा असल्यामुळं आपल्या इकडे कित्येक घरात तो लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदी म्हणून बसलेला आहे. बसू द्या, पूजेला त्याचं काही बिघडत नाही, फक्त विकताना माहिती असू द्या.

चांदी खरी का नकली हे घरीच पाहता येते. नाण्याचं वजन घ्या आणि लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा, नाणं बारीक शिवणाच्या धाग्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, बुडाला आणि बाजूला लागू द्यायचं नाही, हातानं धागा स्थिर धरायचा. आता काट्यावर जो आकडा आला त्यानं आधीच्या वजनाला भागा. जुन्या कलदाराचं उत्तर १०.३ च्या आसपास येते (म्हणजे पाण्यातला आकडा १.१३ च्या जवळपास), ५० टक्केवाल्याचं साडेनऊच्या आसपास, आणि पितळेवर मुलामा दिलेली नक्कल असली तर साडेआठ-पावणेनऊ. घासलेला रुपया ११.४-११.५ भरला तर घाबरू नका, वर्षानुवर्षांच्या हाताळणीनं तेवढं झिजते, पण एकदम १० नाहीतर १२ च्या पुढं गेला तर ते नाणं बाजूला ठेवा.

अजून एक, आपल्या यवतमाळ, वाशीम, पुसदकडच्या तांड्यावर आणि जुन्या घरांत रुपयांच्या, चवल्या-पावल्यांच्या माळा असतात. त्या नाण्यांना वरती कडी डागलेली असते. कडी काढली तरी किनारीवर डागाची खूण राहते, संग्राहक ते लगेच ओळखतो आणि किंमत चांदीच्या भावाजवळ येऊन जाते. पण म्हणून माळ तोडून नाणी सुटी करायचा सल्ला मी कधीच देणार नाही, जुनी अख्खी माळ ही स्वतः एक वस्तू आहे, तोडली की गेली.

आता एररकडे, म्हणजे टाकसाळीतच नाणं पाडताना झालेल्या चुकीकडे येतो. एरर समजायचं असलं तर नाणं बनते कसं हे समजलं पाह्यजे, बाकी पाठांतराची गरज नाही. धातूची लांब पट्टी येते, मशीन त्यातून गोल चकत्या तोडते. त्या चकतीची कड मशीनमधून फिरवून थोडी उचलून घेतात, भट्टीत तापवून नरम करतात, धुतात. मग चकती एका गोल कड्याच्या आत बसते, तिला कॉलर म्हणतात, खाली एक ठसा आणि वरून दुसरा ठसा जोरात येऊन दाबते, धातू पसरून कॉलरला टेकते, आणि दोन्ही बाजूचा छाप व किनार एकाच दणक्यात तयार होते. एवढंच. आता ह्या साखळीत कुठं काय चुकू शकते तेवढीच एररची यादी, आणि ह्या साखळीत जे होऊच शकत नाही ते बाहेर कोणीतरी केलेलं काम.

पट्टीतून चकती तोडताना पट्टी पुरेशी सरकली नाही तर आधीच्या भोकावर मशीन पडते आणि चकतीचा अर्धचंद्रासारखा तुकडा कमी येते. ह्याला क्लिप म्हणतात, आपण चावलेलं नाणं म्हणू. हे खरं आहे का पाहायची सुंदर खूण आहे: चावा जिथं आहे त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला कड फिकी, दबलेली दिसते, कारण कड उचलणाऱ्या मशीनमध्ये एका बाजूला चकतीच नव्हती म्हणून समोर दाब पडला नाही. शिवाय चाव्याजवळची अक्षरं थोडी ताणल्यासारखी, पसरल्यासारखी होतात. कोणी कानसीनं घासून केलेलं असलं तर समोरची कड एकदम पक्की, अक्षर मधातूनच कापलेलं, आणि चाव्याच्या किनारीवर कानसीच्या रेघा.

चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही आणि ठसा पडला तर छाप एका बाजूला सरकते, हा ऑफ सेंटर. एका बाजूला छाप सरकला तर मागच्या बाजूलाही त्याच हिशेबानं सरकलेला पाह्यजे, आणि जी जागा कोरी राहिली तिथं ठशाची कड नको, नुसती चकती पाह्यजे. थोडासा सरकलेला, एक बाजूची कड जाड एक बाजूची बारीक, असा तर चिल्लरमध्ये रोज सापडते, त्याला काही किंमत नाही. अर्धा-पाऊण छाप गायब आणि तरी साल वाचता येते, त्याला मागणी. साल दिसते का नाही ह्यावर किमतीत मोठा फरक पडते हे विसरू नका. कॉलरच वर आली नाही तर धातू बाहेर पसरून नाणं मोठं, चपटं होते, छाप मधोमध असते पण घेर जास्त, ते ब्रॉडस्ट्राइक. इथं कॅलिपर कामी येते.

लखी ही आपल्या संग्राहकांची सगळ्यात लाडकी एरर. एक नाणं पाडून झालं आणि ते ठशालाच चिकटून राहिलं, खाली नवी चकती आली, आता त्या चकतीवर ठशाच्या ऐवजी चिकटलेल्या नाण्याचा चेहरा दाबला गेला. म्हणून एका बाजूला सरळ सिंह आणि दुसऱ्या बाजूला तोच सिंह उलटा आणि आत खोल गेलेला, आरशातल्यासारखा. पाहायला असं वाटते की नाणं आरपार दाबलं. ह्याच्या नकला कशा होतात ते ऐका: दोन-तीन नाणी एकावर एक ठेवून लोहाराच्या शिकंज्यात दाबली नाहीतर घणानं ठोकली, मऊ धातूवर उलटा छाप थोडा उमटते. पण त्या बाजूला मुळात जो छाप होता (आकडा, साल, कणीस) तो पूर्ण मिटत नाही, उलट्या सिंहाच्या खालून तो कुठंतरी डोकावतेच. खऱ्या लखीत खाली काहीच नसते, कारण त्या बाजूला दुसरा छाप कधी पडलाच नाही. आणि खऱ्या लखीचा छाप नाण्याएवढाच, मधोमध आणि खणखणीत असते, पुढच्या पुढच्या दणक्यांत पडलेल्या लखीत तो पसरट होत जाते.

डाय रोटेशन घरबसल्या शोधायला सोपं. आपली नाणी अशी असतात की सिंह सरळ धरून नाणं डावीकडून उजवीकडे पलटवलं की मागची बाजूही सरळच आली पाह्यजे. ती तिरपी किंवा पूर्ण उलटी आली तर ठसा मशीनमध्ये फिरलेला होता. थोडं तिरपं, म्हणजे घड्याळाचा तासकाटा बारा ते साडेबारा सरकते एवढं, फार सापडते आणि त्याला भाव नाही. काटकोनात किंवा पूर्ण उलटं असलं तर वेगळं ठेवा. ही एरर बाहेर बनवता येत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे, फक्त किनारीला जोड आहे का तेवढं पाहून घ्या.

जोड कशाला म्हणता? तर दोन्ही बाजूला सिंह, किंवा दोन्ही बाजूला आकडा, असं नाणं बाजारात फिरत असते. ते जवळपास नेहमी दोन नाणी लेथवर कोरून एकात एक बसवलेली असतात, जादूवाले वापरतात ते. भिंगातून कडेच्या आतल्या अंगाला गोल बारीक रेघ दिसते, आणि लाकडाच्या पाटावर टाकलं तर आवाज बद्द येते, शेजारी दुसरं तसंच नाणं टाकून ऐका म्हणजे फरक कळते.

ठशाला तडा गेला तर दाबताना धातू त्या तड्यात शिरते, म्हणून नाण्यावर ती रेघ उंच, फुगलेली असते. ओरखडा असला तर रेघ खोल जाते. हे एकच वाक्य पाठ करा, उंच ते ठशाचं, खोल ते बहुतेक करून खिशाचं. ठशाचा काठाजवळचा तुकडाच उडाला तर नाण्यावर तिथं धातूचा बेढब गोळा येते, तो चांगला एरर. ठशात ग्रीस किंवा कचरा भरला तर एखादं अक्षर, एखादा आकडा फिका येते किंवा येतच नाही, लोकं त्याला "बिना अंकाचं नाणं" म्हणून लाखात विकायला निघतात, पण त्याला थोडीशीच किंमत. मधात चकतीच आली नाही आणि दोन ठसे एकमेकांवर आदळले तर एकाची सावली दुसऱ्यावर बसते आणि पुढच्या नाण्यांवर सिंहाच्या आजूबाजूला आकड्याची भुतासारखी पुसट रेघ दिसते, हे पाहायला मजेशीर आहे, नवीन माणसानं इथूनच डोळा तयार करावा, स्वस्तात भेटते.

चुकीच्या चकतीवर पडलेला छाप ही मोठी गोष्ट. इथं चुंबक आणि काटा दोनच पुरे. १९९२ पासूनचा बारका स्टीलचा रुपया चिकटते, त्याच्या आधीचा तांबं-निकेलवाला मोठा रुपया चिकटत नाही. जुने ९ ग्रॅमचे जाड पाच रुपये चिकटत नाहीत, २००७ चे स्टीलवाले चिकटतात, २००९ पासूनचे पिवळे निकेल-ब्रासचे परत चिकटत नाहीत. अकरा कोनांचे दोन रुपये ६ ग्रॅमचे, चिकटत नाहीत. ह्या नियमाच्या विरुद्ध वागणारं नाणं सापडलं, वजनही वेगळं आलं, तर ते कोणाच्या हातात न देता आधी नीट फोटो काढा. पण रंग पिवळा दिसला म्हणून उड्या मारू नका, पाण्या-मातीत पडून रंग बदलते, कोणी मुलामाही देते, घासलेल्या उंच भागावर खालचा पांढरा धातू दिसला की विषय संपला.

दहा रुपयाच्या दोन धातूंच्या नाण्याबद्दल. आतला गोळा काढून नुसती कडी "एरर" म्हणून विकतात. हातोडीनं गोळा पाडलेला असला तर कडीच्या आतला काठ साफ, छाप तिथं कापल्यासारखा एकदम थांबते आणि ठोकल्याच्या खुणा असतात. टाकसाळीत गोळा नसतानाच दणका पडला असता तर धातू मोकळ्या भोकाकडे ढकलल्या गेला असता, आतला काठ असा साफ राहिला नसता. गोळा थोडा बाजूला सरकून बसलेला आणि छाप त्याच्यावरून अखंड गेलेला, असं असलं तर खरं असण्याची आशा आहे. आणि हो, कित्येक किराणा दुकानात अजून दहाचं नाणं घेत नाहीत, पंधरा रेघांचं नकली दहा रेघांचं असली वगैरे सांगतात, तर रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलं की १४ वेगवेगळ्या डिझाइनची दहाची सगळी नाणी चालतात.

ॲसिडमध्ये टाकून पातळ केलेलं, रेल्वेच्या रुळावर चपटं केलेलं, तव्यावर तापवलेलं, ड्रिलनं भोक पाडलेलं, ह्या सगळ्यांवर मी वेळ घालवत नाही. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा, पट्टी, चकती, कॉलर, दोन ठसे, ह्यांपैकी कोणाच्या चुकीनं असं होईल? उत्तर सापडलं नाही तर ते नुकसान आहे, एरर नाही.

पण हा नियम हातानं पाडलेल्या जुन्या नाण्यांना लावू नका. शिवराईवर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र पती" असते, पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, वरून हातोड्याचा घाव, त्यामुळं जवळजवळ प्रत्येक शिवराईवर अक्षरं अर्धवट कापलेली आहेत. ते तेव्हाचं साधं कामच तसं होतं. अशा नाण्यात उलट अक्षरं जितकी जास्त आणि जितकी पूर्ण, तितकी किंमत जास्त. नागपूरकर भोसल्यांचे, एलिचपूर म्हणजे आपल्या अचलपूरच्या टाकसाळीचे फारसी अक्षरांचे शिक्के पण तसेच. निजामाचे चारमिनारवाले रुपये मात्र मशीनचे आहेत, आपल्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत ते बरेच भेटतात. शिवराईच्या साच्यात ओतलेल्या नकला यात्रेत ढिगानं विकतात, अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, किनारीला साच्याची जोडरेघ आणि सगळ्या नाण्यांवर छाप अगदी एकसारखा, हे तीन दिसलं की ठेवून द्या.

वावरातल्या गोष्टीबद्दल जरा गंभीरपणे सांगतो. आपली माती जुनी आहे. पवनीला सातवाहनांच्या काळाचे अवशेष निघाले, वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला (तेव्हा अकोला जिल्हा) १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा ठेवा सापडला आणि त्या नाण्यांमुळं राजांच्या यादीत भर पडली, महामहोपाध्याय मिराशींनी त्याचा अभ्यास करून छापला. नांगरताना, विहीर खोदताना, धुऱ्यावर काही मडकं-गाडगं निघालं तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणं बंधनकारक आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही असलं तरी. लोकं भीतीनं लपवतात, आपसात वाटून घेतात आणि वितळवतात. पण कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क सांगितलेला आहे, लपवलं तरच गुन्हा होते. आणि अशी नाणी सुटी सुटी विकली की कुठं, कशाच्या सोबत, किती खोल सापडली ही माहिती कायमची जाते, मग ते नाणं मुकं होते. नागपूरच्या अजब बंगल्यात, १८६३ पासूनचं संग्रहालय आहे ते, एकदा पोट्ट्यांना घेऊन जुनी नाणी पाहून या. शंभर वर्षांवरचं नाणं घरात ठेवायला काही अडचण नाही पण परदेशात पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं बंदी आहे, कोणी कुरियरनं बाहेर पाठवायला सांगितलं तर पाठवू नका.

फसवणुकीतले दोन प्रकार गावोगावी चालू आहेत. एक, ईस्ट इंडिया कंपनी लिहिलेलं, १८१८ नाहीतर १८३९ साल असलेलं, वर रामदरबार, हनुमान, कमळ नाहीतर ओम असलेलं तांब्याचं नाणं. कंपनीनं असं रामदरबार-हनुमानाचं तांब्याचं नाणं कधीच पाडलं नाही, ही पूजेसाठी नंतर बनवलेली टोकन आहेत, यात्रेत मिळणाऱ्या वस्तू. ज्याच्याकडे आहे त्यानं देव्हाऱ्यात श्रद्धेनं ठेवावं, पण नाणं म्हणून त्याची किंमत नाही. ह्याच नाण्याला "तांदूळ ओढणारा शिक्का" बनवून, राइस पुलर म्हणून, कोट्यवधी रुपयांना कंपनी घेणार आहे असं सांगून टेस्टिंगच्या, सायंटिस्टच्या फीचे पैसे घेतात. तांदळात लोखंडाचा कीस आणि खाली चुंबक, दुसरं काहीच नाही. शेती विकलेली माणसं आहेत ह्यात. कोणीही हा शब्द काढला की सरळ पोलीस स्टेशन.

दुसरा प्रकार मोबाईलवरचा. वैष्णोदेवीचं पाच-दहाचं नाणं, ट्रॅक्टरची पाचची नोट, दहा लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशन, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, चिल्लरमध्ये आजही येते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की ते जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात नाहीत आणि कोणतंही कमिशन मागत नाहीत. नाणं विकणारे तुम्ही आणि पैसे मागणारा तो, हा हिशेब कुठंच बसत नाही.

साफसफाई. कृपा करून करू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, टूथपेस्ट, काहीच नाही. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी आयाबाया शिक्के घासून लखलखीत करतात, श्रद्धा आहे, समजते, पण वर्षानुवर्षं घासून राणीचा चेहरा जाते आणि चांदीवर आलेली जी काळसर-निळी झाक असते, जिच्यासाठी संग्राहक जास्तीचे पैसे देतो, तीच पुसल्या जाते. पूजेसाठी एक-दोन शिक्के वेगळे करून द्या आणि बाकीच्यांना हात लावू देऊ नका. माती लागली असली तर साध्या पाण्यात भिजत ठेवून मऊ कापडावर टिपून घ्या, घासायचं नाही. ठेवायला रबर बँड, वर्तमानपत्र आणि वास येणारं मऊ प्लास्टिकचं पाकीट टाळा, रबर चांदी काळी करते आणि ते प्लास्टिक काही वर्षांनी हिरवा चिकट थर सोडते. पुठ्ठ्याच्या खिडकीवाल्या चौकटी स्वस्त मिळतात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात आपल्या मातीच्या घरात भिंतीला लागून पेटी ठेवू नका.

किंमत तीन गोष्टींवर ठरते: किती शिल्लक आहेत, किती लोकांना पाह्यजे, आणि अवस्था. अवस्था पाहायची तर सगळ्यात उंच भाग पाहा, कारण झीज तिथं आधी होते: राणीचा गाल आणि केस, पाचव्या जॉर्जचा कान आणि दाढी, अशोकस्तंभाच्या मधल्या सिंहाचं नाक आणि आयाळ. तिथं बारीक रेघा शाबूत आणि मूळ चकाकी नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, तर ते कोरं, यूएनसी. एकाच सालाचा रुपया कोरा असला तर घासलेल्याच्या कित्येक पट. इंटरनेटवर माणसानं मागितलेला आकडा ही किंमत नाही, लिलाव करणाऱ्या कंपन्यांच्या साइटवर जुन्या लिलावांत खरोखर किती आले ते फुकट पाहायला भेटते, तेच पाहा, तेही आपल्या नाण्याच्या सालाशी, टाकसाळीच्या खुणेशी आणि अवस्थेशी जुळवून. आणि दोन-तीन जाणकारांना दाखवल्याशिवाय विकू नका, नाणे प्रदर्शन भरते तेव्हा एका टेबलावर नाही तर चार टेबलांवर विचारा. चांदीच्या रुपयाला मात्र खालची मर्यादा ठरलेली आहे, जुन्या कलदारात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, ५० टक्केवाल्यात ५.८, त्या दिवशीच्या भावानं गुणा आणि त्याच्या खाली कोणाला देऊ नका.

कोणाला नाणं दाखवून विचारायचं असलं तर दोन्ही बाजूचे सरळ वरून काढलेले फोटो, किनारीचा एक फोटो, बाजूच्या उजेडात एक, काट्यावर ठेवून वजन दिसेल असा एक, आणि चुंबकाला चिकटते का नाही हे लिहून पाठवा. नाणं हातातून देऊ नका. बोटानं धरून अंगणात काढलेल्या एका धुरकट फोटोवर कोणी किंमत सांगत असला तर तो अंदाज सुद्धा नाही.